हाइकूचा ‘स्वर्गाचा जिना’: फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

पाऊस सुरू झाला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर हाइकू जिन्याचा व्हिडिओ फिरायला लागतो. खालचा मजकूर साधारण असा: ‘दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं हवाईतल्या ओआहू बेटावर डोंगरमाथ्यावर गुप्त रेडिओ केंद्र उभारलं. तिथं चढायला हा लोखंडी जिना केला. युद्ध संपल्यावर सगळं वाऱ्यावर सोडलं. आयुष्यात एकदा चढाच!’

गुप्त होतं, एवढं खरं. १९४२मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९४३मध्ये नौदलाचं केंद्र कामाला लागलं.

पण ते माथ्यावर नव्हतं. केंद्र खाली दरीत होतं. वर होत्या त्या अँटेनाच्या तारा, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दरीवर ताणलेल्या. आपली गल्लत सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरमुळे होत असावी. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून टॉवर उंचावर लागतो. हाइकूचा मामला अतिदीर्घ लहरींचा. १०.२ किलोहर्ट्झची एक लहर २९ किलोमीटरहून लांब भरते. जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधून ती हजारो किलोमीटर जाते, शिवाय समुद्रात थोडी खोल शिरते, त्यामुळे पाण्याखालच्या पाणबुडीलाही संदेश मिळतो. (तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचं ‘आयएनएस कट्टबोम्मन’ याच कामासाठी आहे.) एवढ्या लांब लहरीपुढे कुठलाही मनोरा खुजाच. म्हणून नौदलानं डोंगरांनाच खांब केलं. ट्रान्समीटरही बघण्यासारखा: अलेक्झांडरसन अल्टरनेटर. त्यात लहरी निर्माण करायला व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्या) नाहीत. प्रचंड वेगानं फिरणारी पोलादी चकती, तिच्या कडेला शेकडो खाचा, आणि त्या फिरण्यातूनच थेट रेडिओच्या कंपनांची वीज. थोडक्यात, वीजघरातल्या जनित्राचाच भाऊबंद.

लोखंडी जिना युद्धातला, हेही चूक. तारा लावायला माणसं चढली ती लाकडी शिडीनं. व्हिडिओतल्या धातूच्या पायऱ्या, एका मोजणीनुसार ३,९२२, नंतरच्या, १९५०च्या दशकातल्या.

‘वाऱ्यावर सोडलं’ हे तर साफ खोटं. नौदल गेल्यावर तिथं अमेरिकेच्या तटरक्षक दलानं ‘ओमेगा’ या दिशादर्शन यंत्रणेचं केंद्र चालवलं. जगभरातल्या आठ केंद्रांच्या सिग्नलांची तुलना करून जहाजं आणि विमानं आपली जागा काढत. चूक काही किलोमीटरची, पण भर समुद्रात तेवढं चालायचं. जीपीएस आलं आणि ३० सप्टेंबर १९९७ रोजी ओमेगा बंद झालं.

राहिलं ते ‘चढाच’. जिना १९८७पासून लोकांसाठी बंद आहे. २०१५च्या वादळात त्याचे काही भाग मोडले. २०२४मध्ये होनोलुलू शहरानं पायऱ्या काढण्याचं कंत्राट दिलं, तेव्हा जिना वाचवू पाहणारे कोर्टात गेले. जिना टिकावा असं मलाही वाटतं. पण पायथ्याच्या वस्तीतून भल्या पहाटे बॅटऱ्या घेऊन परकी माणसं घुसतात, ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे, आणि असले व्हिडिओ तिला रोज नवा पुरावा पुरवतात.