साताऱ्याहून हे गणित जमत नाही

इमॅजिका या मनोरंजन उद्यानाचा वर्षभराचा पास घेतला तर त्याचे पैसे तीन फेऱ्यांत वसूल होतात, असं एका लेखात म्हटलंय. मुंबई-पुणेकरांसाठी ते पटतं. आम्ही साताऱ्याचे. इथून खोपोलीचं इमॅजिका एका बाजूने जवळपास दोनशे किलोमीटर. तिकीट राहू दे, आधी आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल, खंबाटकी घाट, मग पुण्यात नवले पुलाजवळची कोंडी, पुढे एक्स्प्रेसवेचा वेगळा टोल. पहाटे निघालं तरच दिवस हाती लागतो. पासमुळे वाचतं ते फक्त गेटवरचं तिकीट. डिझेल, टोल आणि आतलं खाणं दर खेपेला नव्याने भरावंच लागतं.

शिवाय मुलांना सुट्टी कधी? मे महिना आणि दिवाळी. नेमक्या त्याच गर्दीच्या दिवसांत पास चालतो का, हे नियमांत आधी वाचा. जून ते सप्टेंबर तिकडे धो धो पाऊस, विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात.

आणि उंची! आमच्या धाकटीला मोठ्या राइडच्या दाराशी पट्टीला लावून उभं केलं, बोटभर कमी भरली. टाचा उंचावून बघितल्या बिचारीने. अशा मुलांचा पास एवढ्यात घेऊच नका, उंची भरू द्या.

पुण्यात किंवा पनवेलला हक्काचं घर असेल, मुक्काम करून दोन दिवस सलग जाता येत असेल, तर मात्र जरूर घ्या. आम्ही तरी वर्षातून एकदाच, मधल्या वारी, साधं तिकीट काढून जाणार.