जिन्याखालचं साल २०१२

वेंगुर्ल्याला काकांचा काजूचा छोटा कारखाना आहे. बिलं, स्टॉक, बायकांची हजेरी, सगळं एका सर्व्हरवर. तो जिन्याखाली, रिकाम्या बारदानांच्या शेजारी असतो. शेजारी यूपीएसही आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच गेली, आता त्यावर काकीचं फुलपात्र असतं.

यंदा मुंबईच्या चुलतभावाने बॅकअप, अपडेट, रीस्टार्ट आपोआप करणारी एक क्लाउड सेवा घेतली. ‘गावी कोणी जायलाच नको, मी इथून बटण दाबीन.’ ते बटण मुंबईतून दाबता यावं म्हणून मला गावी पाठवलं. एकेकाळी मुंबईहून मनीऑर्डर यायची, आता हुकूम येणार होते.

सर्व्हरचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा. असले पत्ते घरोघर असतात, त्यामुळे बाहेरून त्याला कोणी हाक मारू शकत नाही. म्हणून सर्व्हरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा, तो ४४३ नंबरच्या पोर्टमधून स्वतःच क्लाउडला हाक मारतो. काकांना एवढं समजावलं.

“म्हणजे फोन आपणच करूचो आणि पैशे पण आपणच देवचे?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावाकडेही नसावं.

एजंटला क्लाउडशी जोडायची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक मजकूर, तासभरच चालते. पहिली कॉपी करतोय तोच लाईट गेली. दुसरीच्या वेळी वायरवर माडाची झावळी पडली. तिसरी नीट बसली, तर एजंट म्हणतो, समोरच्याचं, म्हणजे क्लाउडचं, ओळख पटवणारं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही! मी फायरवॉल तपासली, राउटर बदलला, सेवेच्या मदतकेंद्राला तीन पत्रं लिहिली. त्यांनी तिन्हींना उत्तर दिलं: एजंट काढून पुन्हा टाका.

तिसऱ्या दिवशी सहज स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर गेली. तारीख, १ जानेवारी २०१२. प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून’ लिहिलेलं असतं, आणि आमचा सर्व्हर त्या तारखेच्या कितीतरी आधी बसला होता. त्याच्या हिशेबाने समोरचा अजून जन्मलाच नव्हता, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? विंडोजचं घड्याळ इंटरनेटवरून जुळतं खरं, पण फरक वर्षांचा असला की तेही कान पाडतं.

हाताने तारीख घातली. हिरवा दिवा! मी भावाला फोन लावेपर्यंत पुन्हा लाईट गेली, आली, आणि सर्व्हर निवांत २०१२ मध्ये.

मग सर्व्हरचा डबा उघडला. आत पालीची दोन अंडी, बोटभर धूळ, आणि मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल, मेलेला. सीआर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून ते नाव. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवायचं हे त्याचं मुख्य काम. त्यात काही हजारांची सेवा अडली होती.

बाजार बंद, बाहेर धो धो पाऊस. घरात शोधाशोध केली आणि सापडला. जुळला, बसला, दिवा हिरवा झाला, लाईट दोनदा जाऊनही हिरवाच राहिला. भावाने मुंबईतून पहिलं बटण दाबलं. काका बिल करत असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला.

काका काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला.

“रे झिला, माझो वजनकाटो बंद कोणी केल्यान?”