पार्किंगमधली धडक आणि जागच्या जागी मागितलेले पैसे

गोव्यात पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासली की निकाल तिथल्या तिथे लागतो, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. मला याचा मनापासून संताप येतो.

चवथीच्या आधीचा शुक्रवार, म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाची गर्दी. माझ्या मावसभावाची गाडी रिव्हर्स घेताना मागच्या गाडीच्या बंपरला टेकली. चूक त्याची होती, ती त्याने लगेच मान्यही केली. पण त्या गृहस्थाने बंपरच्या ओरखड्याबरोबर दरवाजावरचा पोचाही त्याच्याच नावावर घातला. त्या पोच्यात गंज धरलेला होता! आजची धडक आणि आजच गंज? माणसं जमली, कोणीतरी ओळखीच्या पंचाला फोन लावला, बायको-मुलं गाडीत ताटकळत होती. शेवटी भावाने मागितले तेवढे पैसे देऊन टाकले.

खरं-खोटं गाडीच सांगते, फक्त बघायला हवं. ताज्या ओरखड्यात बऱ्याचदा दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो, जुन्यात धूळ बसलेली असते. तुमचा बंपर जमिनीपासून जितका उंच, खूण साधारण तितक्याच उंचीवर हवी. म्हणून गाडी हलवण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्या नंबरप्लेटसकट एका फोटोत, मग खूण जवळून. आणि समोरच्या गाडीची धडक न लागलेली बाजूसुद्धा, कारण नंतर तिथलेही पोचे मोजले जातात.

नुकसान आपल्या हातून झालं असेल तर भरून द्यायलाच हवं, यात मला शंका नाही. कोणी बघत नाही म्हणून निघून जाणारा तर मला पैसे उकळणाऱ्याइतकाच दोषी वाटतो. पण रोख पैसे हातावर ठेवू नका. गॅरेजचं कोटेशन मागा, काम झाल्यावर बिलाचे पैसे थेट गॅरेजला द्या, आणि समोरच्याकडून ‘याबाबत आता काही येणं नाही’ असं सहीनिशी लिहून घ्या.

‘इन्शुरन्स आहे ना, मग कशाला भांडता?’ असं म्हणणारे भेटतातच. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं, पण वाद झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. एका ओरखड्यासाठी कोण जाणार? स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते, जी 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत साठलेली असते. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत घसाऱ्यात कापतात, वर सक्तीची वजावट, म्हणजे आपणच भरायची ठरावीक रक्कम, वेगळीच. लहान कामाला हिशेब जुळत नाही.

मोठं नुकसान असेल तर मात्र आधी विमा कंपनीला कळवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही, अशी अट पॉलिसीत असते. ती फार थोड्यांनी वाचलेली असते. कागदावर तारीख, वेळ, जागा, गाड्यांचे नंबर आणि कुठे काय लागलं एवढंच लिहा.

आणि नगरपालिकांना माझं सांगणं आहे. पे-पार्किंगचं कंत्राट देताना चालू स्थितीतला कॅमेरा आणि मागितल्यावर फुटेज दाखवण्याची अट घाला. पैसे घेता, तर एवढं आम्हाला मिळायलाच हवं.