फोनचा जोडधंदा

मोहोर गळला, तुडतुडा पडला, फवारणीचे पैसे अंगावर आले, तरी तुम्ही अजून आंब्याच्याच मागे? देवगडपासून गुहागरपर्यंत ज्याच्या कातळावरून समुद्र दिसतो त्याने पेट्या भरू नयेत, 'सी व्ह्यू प्लॉट' विकावेत. तेही तोंडाची वाफ न दवडता. आवाज एकदा रेकॉर्ड करायचा, मशीनला नंबरांची यादी द्यायची आणि पडवीत पान लावत बसायचं. यादीत कोण आहे ते बघू नका. ज्याची स्वतःची पाच एकर समुद्राला लागून आहे त्यालाही 'कोकणात हक्काची जागा' असा फोन जाऊ दे. सध्या तसेच येतात.

कायद्याला घाबरता? कायदा आहे, आणि चांगला जाडजूड आहे. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, 2018 चं नियमन, त्यावर फेब्रुवारी 2025 ची दुरुस्ती. जाहिरातीसाठी 140 ने सुरू होणारे नंबर, आधी नोंदणी, मशीनने डायल करणार असाल तर टेलिकॉम कंपनीला पूर्वसूचना. जो नोंदणी करतो त्याला हे सगळं लागतं. तुम्ही करू नका. 140 दिसला की कोणी उचलत नाही, साधा दहा आकडी नंबर दिसला की मुंबईच्या मुलाचा असेल म्हणून म्हातारी चुलीवरचं टाकून धावत येते. व्हॉट्सॲपवरून केलात तर आणखी बरं. हे नियमन तिथवर पोचतच नाही.

राहिली संमती. 1909 ला मेसेज पाठवून ज्यांनी जाहिरातीचे सगळे फोन बंद करून घेतलेत, त्यांनाही त्यांच्या परवानगीने फोन करता येतो. तेव्हा जत्रेत स्टॉल टाका, मिक्सरचा लकी ड्रॉ ठेवा आणि कुपनाच्या मागे मुंगीच्या अक्षरात संमती छापा. देवापुढे गाऱ्हाणं चालू असताना मागची मंडळी पुढचा काय म्हणतोय ते न ऐकता 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तशाच सह्या मिळतील. ती संमती नियमात बसते का, हे वकील बघेल. भांडायला कागद तर झाला. शिवाय विकतोय असं म्हणायचंच नाही. 'आपल्या चौकशीसंदर्भात' म्हणायचं. चौकशी केली नव्हती हे समोरच्याने सिद्ध करावं.

तक्रार होईल, होऊ दे. ती 7 दिवसांत करायची असते, नंबर, तारीख, विषय सांगून. ज्या वाडीत रेंजसाठी गडग्यावर उभं राहावं लागतं तिथून कोण करतोय? (प्लॉटचा फोन मात्र न्हाणीघरातही लागतो, त्याचं गुपित मला अजून उलगडलेलं नाही.) केलीच, तरी बिननोंदणीवाल्यावर कारवाईसाठी 10 दिवसांत 5 तक्रारी व्हाव्या लागतात. म्हणजे चारांपर्यंत तुम्ही सभ्य गृहस्थ. चार कधी झाल्या ते कळणार कसं, असले प्रश्न विचारू नका. सिम बदलत राहा. पहिल्यांदा सापडलात तर 15 दिवस तुमचे जाणारे फोन बंद. तेवढे तर गणपतीत असेही जातात. पुन्हा सापडलात तर मात्र वर्षभरासाठी तुमचे सगळे नंबर जातात, आणि इथेच कोकणी माणूस बाकीच्यांच्या पुढे आहे.

एका माणसाच्या नावावर 9 सिम चालतात. आता तुमचा सातबारा काढा. त्यावर किती नावं? काका, चुलते, आत्याची मुलं, बडोद्याला गेलेले, वारलेले पण वारसनोंद न झालेले. वारलेले सोडा, त्यांचं केवायसी होत नाही. बाकीच्यांना नवाने गुणा. जमिनीचा तुकडा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विकू दिला नाही, ते सहहिस्सेदार प्रथमच कुळाच्या उपयोगी पडतील.

आणि उद्या कोणी दारात येऊन विचारलंच की हा फोन नेमका केला कोणी, तर शांतपणे खुर्ची द्या, कोकम सरबत द्या. सांगा, ते सगळ्यांच्या सह्यांशिवाय ठरत नाही, आणि पुण्याचे काका सही करत नाहीत.