खारघरच्या गवतात 'काहीच नाही', असं म्हणणाऱ्यांसाठी

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खारघरच्या टेकडीवरचं आणि खाडीकडेचं गवत म्हणजे पडीक जागा, तिथे काहीच राहत नाही. झाडं लावा, पक्षी आपोआप येतील. हिवाळ्यात येणारे छोटे पक्षी चार दिवसांचे पाहुणे, त्यांचं कुठेही भागतं. आणि वाळलेलं गवत जाळलं की डास-साप जातात, पावसाळ्यात नवं गवत जोमाने येतं. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, पण या म्हणण्यावर विसंबून लोक कुदळी घेऊन निघालेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

'तिथे काहीच राहत नाही.' ऑक्टोबर ते मार्चमध्ये पांडवकडा धबधब्याच्या बाजूच्या उतारांवर सकाळी लवकर जा आणि गवतातून डोकं वर काढणाऱ्या काड्यांची टोकं बघत चला. एखाद्या टोकावर चिमणीहून लहान, गोल डोक्याचा पक्षी ताठ बसलेला दिसेल. शेपटी सारखी खालीवर, मधूनच पंखांची उघडझाप. हा सायबेरियन गप्पीदास. वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. काडीवरून तो खालची जमीन निरखतो, मुंगी, भुंगेरा, अळी, छोटा नाकतोडा हलला की झेपावतो आणि टिपून पुन्हा उंचावर येऊन बसतो. जवळ गेलात तर दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा 'टक्‌ टक्‌' आवाज काढतो.

नर नीट बघायचा असेल तर एकदा जाऊन भागत नाही. ऑक्टोबरात तो मळकट तपकिरी दिसतो, कारण नव्या पिसांच्या टोकांना फिकट बदामी किनार असते. हिवाळाभर ती किनार झिजत जाते आणि आतला रंग उघडा पडतो. मार्चपर्यंत डोकं काळंभोर, मानेच्या बाजूला पांढरा पट्टा, छाती तांबूस. त्यासाठी तो पिसं बदलत नाही. विणीच्या हंगामाचा पोशाख त्याने आधीपासूनच अंगावर घातलेला असतो, तो आपल्या गवतात राहता राहता उघडा होतो. मला तरी याच्यापुढे कुठलाही भडक रंगाचा पक्षी फिका वाटतो.

शिवाय बारमाही राहणारे आहेतच. तीरचिमणी आणि डोंबारी चंडोल घरटं झाडावर करत नाहीत, गवताच्या ठोंबाशी जमिनीवरच्या खळग्यात करतात. रोपांसाठी खड्डे खणताना ते पायाखाली गेलं तरी कळणारसुद्धा नाही.

'झाडं लावा, पक्षी येतील.' येतील, पण कुठले? दाट सावलीत गवत मरतं, आणि गप्पीदासाला बसायला काडी आणि खाली मोकळी, नजरेत राहणारी जमीन दोन्ही लागतात. सुबाभूळ लावलीत तर तिचं बी पसरून असं रान माजतं की खाली काही उगवत नाही. कावळ्यांना उंच बैठक मिळाली की जमिनीवरची अंडी त्यांना आयती सापडतात. कार्बनचा मुद्दा कुणी काढेल, तर गवत आपला बराचसा कार्बन मुळांवाटे जमिनीत साठवतं, तो दिसत नाही इतकंच. 'पडीक' हा शिक्का मात्र जुना आहे. सरकारी नोंदींतही झुडपाळ माळरानं पडीक जमिनीत धरली जातात, आणि एकदा पडीक म्हटलं की त्या जागेचं काहीही करायला सगळे मोकळे.

'चार दिवसांचे पाहुणे.' गप्पीदास सायबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयाच्या भागात वीण करतो. तिथला उन्हाळा छोटा. इथे तो ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत थांबतो, म्हणजे वर्षाचे जवळपास सहा महिने. त्याला पाहुणा म्हणायचं तर तिकडचाही पाहुणाच म्हणावं लागेल. 'कुठेही भागतं' हेही खरं नाही. गॅलरीत बाजरी ठेवली तर कबुतरं येतील, हा येणार नाही, त्याला किडे लागतात. आणि परतीच्या प्रवासाची चरबी याच किड्यांवर अंगावर चढवायची असते.

राहिला वणवा. डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात, त्यामुळे गवत जाळून डास संपत नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीतले टायर रिकामे करा. साप आग लागली की बिळात शिरतात किंवा मोकळ्या बाजूला पळतात, आणि टेकडीच्या पायथ्याला मोकळी बाजू म्हणजे बहुतेक वेळा सोसायटीचं कुंपण. जळतात ते नाकतोडे, अळ्या, कोष आणि गवताचं बी, तेही नेमकं डिसेंबर ते मार्चमध्ये, पक्षी इथे असताना. पावसात हिरवं होतं हे कबूल, पण न जाळताही होतंच. आगीची भीती असेल तर वस्तीच्या बाजूला गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढा, वनखातं तेच करतं.

झाडं लावायचीच आहेत ना? मग सेक्टरांतल्या रस्त्यांच्या कडेला, पावसाळ्यात झाडं उन्मळून रिकाम्या झालेल्या आळ्यांमध्ये कडुनिंब, करंज, बकुळ लावा आणि दोन उन्हाळे पाणी घाला. टेकडीवर खड्डे खणायचा बेत रद्द करा आणि ग्रुपवर तसं कळवा.