स्मरणशक्तीच्या ‘नोबेलवाल्या गोळी’बद्दल खुलासा

नागपुरात दहावी-बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘एरिक कँडेल यांना स्मरणशक्तीचं रसायन शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, त्याच रसायनाची गोळी आता मुलांसाठी आली आहे.’ मी जीवशास्त्र शिकवते. धरमपेठेतल्या दोन आयांनी मला याबद्दल विचारलं, म्हणून लिहिते आहे. यातलं पहिलं अर्धवट आहे, दुसरं साफ खोटं.

कँडेल हे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ. त्यांना २००० सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल कार्लसन आणि ग्रीनगार्ड या शास्त्रज्ञांसोबत मिळालं, ते चेतापेशींमध्ये संदेश कसे पोचतात यावरच्या शोधांसाठी. हार्वर्डला इतिहास-साहित्य शिकून डॉक्टर झालेला हा माणूस अनेक वर्षं ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर काम करत राहिला. तिच्या चेतापेशी सुमारे २०,०००च, पण चांगल्या मोठ्या. तात्पुरत्या आठवणीत पेशीतली असलेलीच प्रथिनं थोडी बदलतात, हे त्यात दिसलं. टिकाऊ आठवणीसाठी मात्र ‘क्रेब’ नावाचं प्रथिन जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं बनतात, पेशींमध्ये नवे जोड उगवतात. एक रसायन नव्हे, अख्खी साखळी! आणि गोगलगायीतसुद्धा एका दमात दिलेल्या धड्यापेक्षा चार दिवसांत विभागून दिलेला धडा जास्त टिकला. मुलांना सांगायचं तर हे सांगा.

स्मृतीवरच्या औषधांसाठी कँडेल यांनी १९९८ साली एक कंपनीही उभारली होती. परीक्षेची गोळी तिथूनही निघाली नाही.

कुणी अशी गोळी विकत घेतलीच असेल, तर मुलाला देऊ नका. आधी डबी आपल्या डॉक्टरांना दाखवा.