डिस्ट्रो बदलून प्रिंटर चालत नसतो

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणून नागपूरच्या बर्डी-महालातल्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांतले धडधाकट पीसी एकदम ‘जुने’ झाले आणि त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम चढतंय. मग तक्रार येते, प्रिंट निघत नाही. सल्ला ठरलेला: ‘डिस्ट्रो बदल ना भाऊ, काहून डोकं खपवून राहिला!’

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एकेक तयार संच. उबंटू घ्या, मिंट घ्या, फेडोरा घ्या, मेनू आणि रंग तेवढे बदलतात. खाली छपाई सांभाळणारं कप्स हे सॉफ्टवेअर तेच. कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर घ्या, असल्या दुकानांतला नेहमीचा गडी. प्रिंटरांच्या नेहमीच्या भाषांपैकी त्याला पीसीएल कळत नाही, पोस्टस्क्रिप्टही नाही; त्याची भाषा कॅननची स्वतःची, कॅप्ट. त्यासाठी कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण त्याला ३२-बिट लायब्रऱ्या लागतात, आणि प्रिंटर दोनदा नोंदवावा लागतो: एकदा कप्समध्ये, एकदा सीसीपीडी नावाच्या डेमनमध्ये, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. दुसरी नोंद राहिली किंवा रीस्टार्टनंतर तो डेमन उठलाच नाही, की काम रांगेत दिसतं, कागद मात्र हलत नाही. समोर प्रतिज्ञापत्रासाठी गिऱ्हाईक उभं. अशा वेळी तीन डिस्ट्रो बदलल्या तरी तिन्हींवर हेच होणार.

फॉन्टचंही तसंच. वर्डमध्ये मंगल फॉन्टात केलेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये, उघडली की तीन पानांची चार होतात, चौथ्यावर फक्त सहीची ओळ. शिव्या लिब्रेऑफिसला बसतात. खरं कारण एवढंच, की मंगल विंडोजसोबत येतो, लिनक्ससोबत नाही. बदली फॉन्टाची रुंदी वेगळी, म्हणून ओळी वेगळ्या तुटतात. जी फाइल फिरणार आहे ती दोन्हीकडे नोटो सॅन्स देवनागरी हा फुकट फॉन्ट टाकून त्यातच करा. कृतिदेवमधली फाइल तर युनिकोडच नाही. तो फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरं.

आता दुसरी बाजू. तक्रार केली की लिनक्सवाले म्हणतात, ‘सोर्स ओपन आहे, स्वतः दुरुस्त करा’, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला आहे. हे उत्तर मला उद्धट वाटतं. टायपिस्टने सी भाषा शिकावी की अर्ज टाइप करावेत? फोर्क करायला, म्हणजे तो कोड उचलून वेगळं सॉफ्टवेअर चालवायला, माणसं लागतात. २०१०मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं ते टिकलं, कारण काम करणारे हातही सोबत आले. २०११मध्ये ग्नोम ३ हा लिनक्सचा नवा डेस्कटॉप न पटल्याने अर्जेंटिनातल्या, आर्च ही डिस्ट्रो वापरणाऱ्या एकाने जुना ग्नोम २ उचलून माटे सुरू केलं; तेही पुढे इतरांनी खांदा दिला म्हणून चाललं. पण फुकट काम करणाऱ्याला ‘बकवास सॉफ्टवेअर’ लिहून काही सुटत नाही. आवृत्ती, प्रिंटरचं मॉडेल, कोणत्या पायरीला अडलं आणि कप्सचा एरर लॉग, एवढं दिलं तर निदान कोणी बघतो तरी.

दुकान चालवायचं असेल तर उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टची आवृत्तीच टाका, पाच वर्षं अपडेट मिळतात. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीच्या नादी लागू नका. हार्ड डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून वायफाय, आवाज आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍य’ टाइप होतात का ते पाहा. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छपाईची सोय) लिहिलंय का बघा. तसा प्रिंटर लिनक्सवर बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.